सलामीनंतर अजून एक

जाझ नावाचं संगीत कुठं जन्मलं यावर जाणकारांनी जाडजूड पुस्तकं लिहिली आहेत म्हणे. मी ती वाचलेली नाहीत. पण लातूरच्या एका गल्लीत ते शिंदीच्या फड्यातून निघालं, हे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं आहे, कारण तो फडा माझ्याच हातात होता. फडा म्हणजे आमच्याकडची केरसुणी. ती नवीकोरी होती, आणि मी ती तोडली म्हणून बायको दोन दिवस माझ्याशी बोलली नव्हती.

मी लग्नाच्या बँडमध्ये साईड ड्रम वाजवणारा माणूस. मूळचा नांदेडचा. आमच्या घरात कुणी ना कुणी काही ना काही बडवतच आलं आहे. माझे वडील मर्फा वाजवायचे. लग्नात नवरदेवापुढं चार-पाच जण गळ्यात लहानमोठे ढोल अडकवून जो ताल धरतात आणि जो ऐकून आजारी माणूसही खांदे उडवायला लागतो, तो मर्फा. निजामाच्या फौजेत आफ्रिकेतून आलेले शिपाई होते, त्यांनी तो हैदराबादला आणला आणि तिथून तो आमच्याकडं आला, असं वडील सांगायचे. माझं लग्न झालं आणि मी लातूरला आलो. सासरे तिथले बँडमास्तर. त्यांना चांगला ड्रमवाला हवा होता आणि त्यांच्या मुलीला चांगला नवरा. यातलं पहिलं काम मी बऱ्यापैकी केलं, असं बायको अजूनही चारचौघांत सांगते.

सासऱ्यांना अख्खी गल्ली उस्ताद म्हणायची, म्हणून मीही उस्तादच म्हणायचो. ते मला दुल्हेमियाँ म्हणायचे, म्हणजे नवरदेव. लग्नाला दहा वर्षं झाली, माझ्या डोक्यावरचे केस गेले, तरी दुल्हेमियाँच. घरात आमचं बोलणं दखनी, गिऱ्हाइकांशी मराठी. इथं सगळं मराठीतच लिहितो आहे. उस्ताद क्लॅरिनेट वाजवायचे. उंच, वाळकी देहयष्टी, मिशीला मेंदी. बँडचा लाल कोट आम्हा सगळ्यांना कुठंतरी ढगळ व्हायचा नाहीतर कुठंतरी आवळायचा, त्यांनाच तेवढा नीट बसायचा.

उस्तादांच्या वडिलांनी तरुणपणी सिकंदराबादच्या छावणीतल्या एका क्लबात नोकरी केली होती. साहेब लोक तिथं संध्याकाळी जोडीनं नाचायचे. बँडमध्ये बहुतेक गोव्याकडचे वाजवणारे होते, आणि काही महिने समुद्रापलीकडून आलेला एक काळा क्लॅरिनेटवाला होता. त्याची भाषा उस्तादांच्या वडिलांना येत नव्हती, यांची त्याला येत नव्हती. तरी त्यानं यांना दोन गोष्टी शिकवल्या. एक म्हणजे लचका. ताल कवायतीसारखा सरळ न्यायचा नाही. एक पाऊल लांब टाकायचं, एक आखूड, जरा मागं रेंगाळायचं आणि पळत येऊन गाठायचं. दुसरी गोष्ट म्हणजे एक गंधार. कोमल आणि शुद्ध या दोन गंधारांच्या मधे जी फट असते तिथला सूर ओठानं वाकवून काढायचा. उस्ताद त्याला उंबऱ्यावरचा गंधार म्हणायचे. "ना घरात, ना भाईर," म्हणायचे, "पर त्यो लागला की माणसाचं काळीज जागचं हलतंय."

सिनेमातली नाचाची गाणी आम्ही वाजवायचो तेव्हा हे सगळं कामी यायचं. पडद्यावर क्लब असायचा, चकचकीत कपड्यातली बाई असायची, मागं ट्रम्पेटवाल्यांची रांग असायची, आणि त्या गाण्याच्या चालीत हाच लचका असायचा. गिऱ्हाईक म्हणायचं, नवीन सिनेमाचं वाजवा. उस्ताद मिशीत हसायचे. "नवीन कुठलं आलंय! आमच्या अब्बाच्या क्लबातून उठून पडद्यावर गेलं, अन् पडद्यावरून तुमच्या वरातीत आलं." गिऱ्हाइकाला त्यातलं काही कळायचं नाही, पण ते विसार देऊन जायचं.

आमच्याकडं लग्नाआधी नवरदेव घोड्यावर बसून मारुतीच्या दर्शनाला जातो, त्याला परण्या म्हणतात. पुढं मित्रमंडळी नाचतात, मागं बायका चालतात, मधे आम्ही. उस्तादांचा एकच हुकूम होता: पाय बघा. मी सुरुवातीला कागदावर बोल लिहून आणायचो, तर त्यांनी तो कागद घेतला, घडी केली आणि माझ्याच खिशात कोंबला. "नाचणाऱ्याच्या पायाकडं बघा दुल्हेमियाँ. पाय सांगतेत ते वाजवायचं. आपण वाजवून त्यांनी नाचायचं, हे उलटं शिकलात तुमी." त्या दिवसापासून मी माणसांना पायांवरूनच ओळखतो. लातूरमधल्या निम्म्या पुरुषांचे चेहरे मला आठवत नाहीत, पण चपला आठवतात.

आणि शेवटी सलामी. ही आमच्या बँडची जुनी रीत. काम संपलं की सगळ्यांनी रांगेत उभं राहून यजमानाकडं तोंड करून एक छोटी ठरलेली धून वाजवायची. ती संपली की उस्ताद क्लॅरिनेटचं तोंड जमिनीकडं करायचे. त्यानंतर कुणीही कितीही गयावया केली, अगदी कलेक्टरसाहेबांनी सांगितलं, तरी एक सूर वाजायचा नाही. सलामी झाली की बाजा मुका.

त्र्याण्णव सालच्या भूकंपाच्या आदल्या दिवशी आम्ही किल्लारीच्या बाजूच्या एका गावात होतो. गणपतीचं विसर्जन होतं. दुपारपासून वाजवत होतो आणि पोरं अशी नाचत होती की धुळीत आणि गुलालात कोण कुणाचं ते कळत नव्हतं. दिवेलागण झाली, जीपवाला हॉर्न मारायला लागला, आणि उस्तादांनी सलामी वाजवली. तेवढ्यात एक पोरगा पुढं आला. डोक्यापासून हनुवटीपर्यंत गुलाल, नुसते डोळे आणि दात दिसत होते. "उस्ताद, अजून एक! एकच!" उस्तादांनी क्लॅरिनेट खाली केलीच होती. त्यांनी त्याच्या खांद्यावर थोपटलं आणि म्हणाले, "पुढच्या वर्षी."

पहाटे लातूरमध्ये आमचीही भांडी फळीवरून पडली, आम्ही पोराबाळांना घेऊन रस्त्यावर आलो. सकाळी बातमी आली. ते गाव राहिलं नव्हतं. उस्ताद ट्रक मिळेल तसे तिकडं गेले, तीन दिवस दगड उपसून परत आले आणि काय पाहिलं ते कुणालाही सांगितलं नाही. लाल कोटाच्या बाह्यांवर गुलाल तसाच होता. तो त्यांनी स्वतःच्या हातानं दोनदा धुतला, वाळवला, घडी करून ट्रंकेत ठेवला, वर क्लॅरिनेट ठेवली आणि कुलूप लावलं. किल्ली खिशात. नंतर एकदाच मला म्हणाले, "त्या पोराचं तोंड बी मी बघितलं न्हाई. कुनाला इचारू, जिता हाय का म्हणून?"

त्या वर्षी लग्नं बिनआवाजाची झाली, आणि ते योग्यच होतं. पण पुढं हळूहळू लोक पुन्हा बँड सांगू लागले, आणि उस्ताद काही ट्रंक उघडेनात. दुकानाच्या पायरीवर बसून ते छत्र्या आणि कुलपं दुरुस्त करायला लागले. बँड मी चालवायचो. वाईट चालवायचो असं नाही, पण एका गिऱ्हाइकानं तोंडावर सांगितलं की तुमचा बँड ऐकून पंधरा ऑगस्टच्या परेडची आठवण येते. मला त्याचं फारसं वाईट वाटलं नाही. वाईट वाटायचं ते उस्तादांकडं बघून. माणूस समोर बसलेला असायचा, चहा प्यायचा, नातवंडांना छत्रीच्या काड्यांची खेळणी करून द्यायचा, आणि तरी घरात नसायचा. मला बँड मोठा करायचा नव्हता, नाव कमवायचं नव्हतं. या माणसानं एकदा तरी पुन्हा ती क्लॅरिनेट तोंडाला लावावी, एवढं एकच मला हवं होतं, आणि ते कसं घडवायचं हे सहा-सात वर्षं मला सुचलं नाही.

त्या सहा-सात वर्षांत आमची गल्ली ओळखू येईना अशी झाली. लातूरला क्लासेसचं पेव फुटलं. परभणी, बीड, उस्मानाबाद, भोकर, कुठून कुठून पोरंपोरी सायकली आणि वळकट्या घेऊन आली. ज्याच्याकडं दोन खोल्या होत्या त्यानं एक भाड्यानं दिली, ज्याच्याकडं एक होती त्यानं तिच्यात मधे पडदा लावला. बैल बांधायच्या जागेत झेरॉक्सचं मशीन आलं. आमच्या डाव्या हाताला फिजिक्स, उजव्या हाताला केमिस्ट्री, डोक्यावर बायोलॉजी, आणि समोर मेस. मधे आम्ही, ढोल घेऊन. गल्लीच्या टोकाला मंगल कार्यालय होतं, आणि तिथून मारुतीला जायचा रस्ता याच क्लासेसच्या खिडक्यांखालून.

एक दिवस वरच्या मजल्यावरचे बायोलॉजीचे सर खाली आले. चष्मा, खडूनं पांढरी झालेली बोटं, शर्टाची गुंडी एक घर चुकलेली. ते भांडायला आले होते, पण त्यांना भांडता येत नव्हतं.

"तुमच्या ढोलामुळं मुलांना काही ऐकू येत नाही हो. परीक्षा तोंडावर आली आहे. गल्लीतून बँड बंदच करावा असा अर्ज सगळे क्लासवाले देऊन राहिलेत. मी म्हटलं, आधी बोलून बघू."

"अन् लग्नं मुकी करायची का?" मी म्हणालो. मला राग लवकर येतो. "उद्या म्हणाल, नवरदेवानं शिंकायचं न्हाई."

"शिंकू दे, पण हळू," सर म्हणाले. ते गंभीरपणे म्हणाले होते, म्हणून मला जास्तच राग आला.

रात्री जेवताना मी बायकोपुढं तणतणलो. ती भाकरी थापत होती. म्हणाली, "लेकरू झोपलं की तुम्ही घरात वाजवायचे तसं वाजवा की. तवा तर लई गोड वाजवायचे."

ते खरं होतं. पोरं लहान असताना ती उठू नयेत म्हणून मी काठ्यांऐवजी बोटांनी, कधी हातपंख्यानं ड्रमवर ताल धरायचो. दुसऱ्या दिवशी मी नवा फडा घेतला, त्याच्या काड्या सोडवल्या, दोन जुड्या बांधल्या आणि ड्रमवर फिरवून पाहिल्या. सुस्स-छक, सुस्स-छक. आवाज लहान, पण त्यात लचका आपोआप आला, कारण काड्या कातड्यावरून घसरायला वेळ घेतात. ट्रम्पेटवाल्यानं समोरच्या मेसमधून वरणाची वाटी आणली आणि ट्रम्पेटच्या तोंडावर धरली. वाटी झाकली की सूर आत बोलायचा, उघडली की बाहेर. तो 'वा-वा' करत रडायचा, हसायचा, भांडायचा. मेसवाल्या मावशी वाटी परत मागायला आल्या आणि ऐकत तिथंच बसल्या. मोठ्या पितळी बाजावाल्याला मी म्हटलं, तू नुसता चालत राहा, एकेक सूर टाकत, जेवण करून फिरायला निघालेल्या माणसासारखा. ढोल आम्ही पोतं गुंडाळून ठेवला. बायकोनं फड्याचे अवशेष पाहिले आणि तिचं मौन सुरू झालं, ते वर सांगितलंच आहे.

तिसऱ्या दिवशी सर पुन्हा खाली आले. मला वाटलं, अर्ज घेऊन आले. पण त्यांच्या हातात टेपरेकॉर्डर होता.

"तुम्ही हे कुठं शिकलात?" त्यांनी विचारलं.

"हे? हे तर फडा हाय."

"अहो, हे जाझ आहे! तारांचे ब्रश मिळतात असे, ड्रमवर फिरवायला. आणि ती वाटी... हैदराबादला शिकत होतो तेव्हा मी या कॅसेटी जमवल्या. ऐका."

आम्ही सगळे त्या टेपरेकॉर्डरभोवती बसलो. उस्ताद पायरीवर छत्रीला काडी बसवत होते. आधी वाजलं ते नाचाचं होतं, आणि आम्ही एकमेकांकडं बघायला लागलो. आमची निम्मी वरात त्या कॅसेटमध्ये होती. हा तुकडा अमक्या सिनेमातला, हा उठाव तमक्या गाण्यातला, असं बँडमधली पोरं ओरडायला लागली. सर सांगत होते की उलटं आहे, आपल्या सिनेमावाल्यांनी हे तिथून उचललं. उस्तादांनी मान वर न करता "मी काय सांगत व्हतो?" एवढंच म्हटलं.

मग दुसरी बाजू लावली. एक बाई गात होती. संथ, जाडसर आवाज, मागं नुसती गिटार. शब्द आम्हाला कळत नव्हते. पण पहिल्याच ओळीत तो गंधार लागला. उंबऱ्यावरचा. उस्तादांच्या हातातली काडी खाली पडली.

गाणं संपेपर्यंत त्यांनी ती उचलली नाही. मग त्यांनी सरांना विचारलं, "सर, यांच्याकडं बी जमीन हलली व्हती काय?"

सर चष्मा पुसत राहिले. मग म्हणाले, "यांची जमीनच सुटली, उस्ताद. आफ्रिकेतून धरून जहाजात घालून नेलं, विकलं, कापसाच्या रानात राबवलं. ते राबताना जे गायले त्यातून हे आलं. याला ब्लूज म्हणतात."

"कापूस?" उस्ताद म्हणाले. "मंग आपलेच की."

मला एकदम माझी भोकरची मावशी आठवली. ती कापूस वेचायला जायची तेव्हा बायांची ओळ धरलेली असायची; एकीनं गाण्याची ओळ टाकायची, बाकीच्यांनी ती उचलायची, आणि हात बोंडावर चालूच. आणि आफ्रिका म्हटल्यावर वडिलांचा मर्फा आठवला. एका ठिकाणाहून निघालेले लोक, काही निजामाकडं आले, काही तिकडं विकले गेले, आणि दोघांचा ताल त्या दिवशी लातूरच्या बायोलॉजीच्या जिन्याखाली भेटला, असं मला वाटलं. मी हे बोलून दाखवलं. सर म्हणाले, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. एका शिकलेल्या माणसाच्या लक्षात न आलेली गोष्ट आपल्या लक्षात आली, हा आनंद मी आठवडाभर पुरवून पुरवून वापरला.

सरांनी मग आणखी एक सांगितलं. हे ब्लूज गाणाऱ्या लोकांच्या एका शहरात मयतीला बँड असतो. जाताना संथ, रडवणारं वाजवतात. माती देऊन परत येताना नाचाचं वाजवतात.

"परत येताना नाचाचं?" उस्ताद म्हणाले. "अन् घरचे लोक मारत न्हाईत?"

"घरचेच सगळ्यात पुढं नाचतात."

उस्तादांनी पडलेली काडी उचलली, छत्रीत बसवली, छत्री दोनदा उघडून मिटून पाहिली. मग म्हणाले, "त्यांचं बराबर हाय. मातीला गेलेल्या माणसाला परत तर यावं लागतंय ना." आणि जेवायला घरात गेले.

सरांनीच क्लासवाल्यांना समजावलं, अर्ज मागं पडला, आणि आम्हाला गल्लीतून फड्यावर वाजवायची परवानगी मिळाली. वाजवायची पहिलीच सुपारी आली ती किल्लारीकडच्या त्या विसर्जनाच्या गावची. म्हणजे गाव आता जुन्या जागेवर नव्हतं, सरकारनं बांधून दिलेल्या सारख्या सारख्या घरांच्या रांगांत होतं. तिथला नवरदेव, मुलगी लातूरची, लग्न आमच्या गल्लीच्या टोकाच्या कार्यालयात. नवरदेवाचे चुलते सांगायला आले. म्हणाले, "तवापासून आमच्या गावात लग्नं झाली, पर बँड न्हाई लावला कुणी. ह्यो पयला. तुमचे उस्ताद यावेत अशी पोराची इच्छा हाय." पायरीवर उस्ताद कुलूप उघडत बसले होते. त्यांनी मान हलवली, नाही म्हणून. मी विसार घेतला आणि आत जाऊन बायकोजवळ चिडलो, कारण तिथंच मला चिडता येतं.

लग्नाच्या दिवशी दुपारी परण्या निघाला. नवरदेव घोड्यावर, डोक्याला बाशिंग, तोंडावर मुंडावळ्या. मी फड्याच्या जुड्या काढल्या आणि मुलीकडची एक आत्या किंचाळलीच. "अगं बाई, नवरदेवापुढं फडा? शुभकार्यात?" मी घामाघूम झालो. इतक्या तयारीत हे आमच्या कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. तेवढ्यात नवरदेवाची आई पुढं आली. तिनं माझ्या हातातल्या दोन्ही जुड्यांना हळदकुंकू लावलं, त्यांना हात जोडले आणि म्हणाली, "लक्ष्मीपूजनाला हिलाच पुजतो की आपण. वाजवा भाऊ." मी आजवर खूप वाद्यं वाजवली, पण पूजा केलेलं तेवढं एकच.

आम्ही सुरू केलं. सुस्स-छक, सुस्स-छक, वाटीचा ट्रम्पेट, चालणारा बाजा. मी पायांकडं बघितलं. एकही पाय हलत नव्हता. वरातीतले जवळजवळ सगळे त्या गावचे, आणि सगळे सरळ चालत होते, एकमेकांकडं न बघता. कुणालाच पहिलं व्हायचं नव्हतं. आयुष्यात मला इतकं वाईट कधी वाटलं नाही. खिडक्यांतून क्लासची पोरं बघत होती, आणि आमचा बँड चालत्या माणसांपुढं नुसता चालत होता.

केमिस्ट्रीच्या क्लासपुढं आलो तेव्हा रस्त्याच्या कडेला उस्ताद उभे होते. पांढरा सदरा, काखेत छत्री, भर उन्हात मिटलेली. मी मनात म्हटलं, निदान उघडा तरी. त्यांनी छत्रीची खोळ काढली, आणि आतून क्लॅरिनेट निघाली. माझ्या हातातला फडा थांबला तर त्यांनी भुवईनं मला झापलं.

ते आमच्या पुढं येऊन उभे राहिले आणि त्यांनी आधी संथ वाजवलं. फार संथ. तोच गंधार, वाकलेला, उंबऱ्यावरचा. नवरदेवाच्या आईनं पदर डोळ्याला लावला, चुलत्यांनी टोपी काढली, घोडासुद्धा उभा राहिला. मला वाटलं, संपलं, लग्नाची मयत केली आम्ही. पण उस्ताद घाई करत नव्हते. त्यांनी तो सूर पुरता संपू दिला, श्वास घेतला, आणि माझ्याकडं बघून खांदा एकदा उडवला. मला कळलं. माती देऊन झाली होती, आता परत यायचं होतं.

मी लचका धरला. पहिला पाय हलला तो नवरदेवाच्या आईचा. नुसता अंगठा, चपलेच्या आत. मग चुलत्यांचा. मग बघता बघता अख्खी गल्ली सुटली. बायका नाचल्या, म्हातारे नाचले, वरून जिना उतरून बायोलॉजीची पोरं आली, त्यांच्यामागं सर आले आणि इतकं वाईट नाचले की त्यांच्या पायांकडं बघून मी दोनदा ताल चुकलो. कुणीतरी गुलाल उधळला. मेसवाल्या मावशींनी दारात उभं राहून दोन वाट्या एकमेकींवर वाजवल्या. मी रडत होतो आणि हसतही होतो, आणि दोन्ही हात फड्याच्या जुड्यांत गुंतलेले असल्यामुळं मला नाकही पुसता येत नव्हतं.

मारुतीपुढं पोचलो. उस्तादांनी आम्हाला रांगेत उभं केलं आणि सलामी वाजवली. क्लॅरिनेटचं तोंड जमिनीकडं केलं. बाजा मुका.

"उस्ताद, अजून एक!"

घोड्यावरून आवाज आला होता. नवरदेवानं मुंडावळ्या बाजूला केल्या होत्या, तोंडभर गुलाल होता. उस्ताद त्याच्याकडं बघतच राहिले. मग घोड्याजवळ गेले.

"त्या दिवशी गणपतीत... त्यो पोरगा तू व्हतास?"

"समदेच व्हतो, उस्ताद. समदेच अजून एक म्हनून वरडत व्हते. तुमाला एकाचंच ऐकू गेलं. त्यो माझा भाऊ."

"कुठं हाय?"

"न्हाई ऱ्हायला." नवरदेव घोड्यावरून खाली वाकला. "पर त्यो राग धरून न्हाई गेला, उस्ताद. घरी बी नाचतच गेला. आईनं ताट वाढलं तरी मांडीखाली पाय हलवून ऱ्हायला व्हता. पुढच्या वर्षी उस्ताद दोन वाजवणार म्हनून समद्यांना सांगत व्हता. आईला इचारा."

आईनं मान हलवली, हो म्हणून.

उस्तादांनी डोळे पुसले, त्यानं गुलाल गालभर झाला. तीन पिढ्यांची रीत होती, सलामीनंतर सूर नाही. त्यांनी क्लॅरिनेट उचलली. "दोन," ते आम्हाला म्हणाले. "एक ह्याचं, एक त्याचं." आम्ही दोन वाजवली, मग तिसरं वाजवलं, मग मोजणं सोडलं. मुहूर्त टळला. कार्यालयातून भटजी चिडून आम्हाला शोधत आले, आणि त्यांच्याही वहाणा मला अजून चांगल्या आठवतात.

घरी आलो तेव्हा बायको दारात उभी होती. तिनं बापाच्या पांढऱ्या सदऱ्यावरचा गुलाल पाहिला, हातातली उघडी क्लॅरिनेट पाहिली, आणि अंघोळीचं पाणी ठेवायला वळली. उस्तादांनी खिशातून ट्रंकेची किल्ली काढली आणि तिच्या हातात दिली.

"पानी ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "माझा कोट काढून इस्त्री कर. परवा अहमदपूरची सुपारी हाय."